कोंबडी आजारी पडली तर: पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी

संध्याकाळी दाणे टाकले की सगळ्या कोंबड्या पंख पसरून धावत येतात. त्या वेळी माझी नजर मागे राहिलेल्या कोंबडीवर असते. कोंबडी आपलं दुखणं लपवते. कळपातल्या दुबळीला बाकीच्या टोचतात, दाण्यावरून हाकलतात, घार आणि मुंगूसही तिच्यावरच टपून असतात. म्हणून अंगात त्राण असेपर्यंत ती बरी असल्यासारखीच वावरते. पिसं फुगवून, मान आत ओढून, डोळे मिटून ती कोपऱ्यात उभी राहिली, की समजायचं दुखणं आजचं नाही, निदान दोन-तीन दिवसांचं आहे. त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणून चालत नाही.

माझ्याकडे कोकणात, मागीलदारी, पंधराएक गावठी आणि चार गिरीराज कोंबड्या आहेत. मी जनावरांची डॉक्टर नाही. डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर घरच्या माणसाने काय करावं, आणि काय मुळीच करू नये, तेवढंच इथे लिहिते आहे.

आधी ती खरंच आजारी आहे का, ते बघा

नवीन माणूस तीन गोष्टींना हमखास घाबरतो. पहिली म्हणजे खुडूक बसलेली कोंबडी. ती खात नाही, जागची हलत नाही, पिसं फुगवून बसते, तुराही फिका पडतो. पण तिच्याकडे हात नेलात तर ती चिडून फुगते आणि चोच मारते. दिवसातून एकदा उठते, पाणी पिते आणि एकच मोठी, घाण वासाची शीट टाकते. आजारी कोंबडीत चिडण्याएवढी ताकद नसते.

दुसरी पिसं गळणं. वर्षातून एकदा जुनी पिसं झडून नवी येतात. दोन-तीन महिने कोंबडी भकास दिसते, अंडी थांबतात. त्या काळात तिला अंडं, मासळीची कुटी असं थोडं पौष्टिक द्या, बाकी काही करावं लागत नाही.

तिसरी ताप. कोंबडीचं अंग मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, म्हणून ते आपल्या हाताला नेहमी गरमच लागणार. हाताने ताप बघायच्या फंदात पडू नका.

पहिल्या तासात: वेगळी करा, ऊब द्या, पाणी पाजा

नेमकं काय झालंय ते कळलं नसलं तरी ही तीन कामं लगेच करायची. माझ्या अनुभवात वाचलेल्या कोंबड्यांपैकी निम्म्या तरी याच तीन कामांनी वाचल्या आहेत.

खुराड्यातून काढून तिला घरात किंवा पडवीत आणा. मोठं खोकं चालेल, डालगं चालेल. तळाशी भाताचं तूस किंवा जुनं गोणपाट घाला. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, त्यावर पाय घसरतात आणि अशक्त कोंबडीच्या मांड्या फाकतात. खोकं माणसांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या वर्दळीपासून लांब ठेवा आणि अर्ध्यावर फडकं टाका. बाकीच्या कोंबड्यांचं सगळं आधी आवरा आणि मगच आजारी कोंबडीकडे जा. उलट क्रमाने गेलात तर तुमच्या चपलांवरून आणि हातांवरून रोग खुराड्यात पोचेल.

आजारी कोंबडीला अंग गरम ठेवण्यातच सगळी शक्ती घालवावी लागते. आमच्याकडे श्रावणात हवा फार गार नसते, पण दमट असते आणि भिजलेली कोंबडी बघता बघता गारठते. खोक्यातली हवा साधारण २७ ते ३० अंश राहील असं बघा. पिवळा तारेचा बल्ब मिळाला तर खोक्याच्या एका टोकाला, चोच पोचणार नाही असा, टांगा. एलईडी दिव्याची ऊब लागत नाही, तो लावून उपयोग नाही. बल्ब नसेल तर गरम पाण्याची बाटली जुन्या मोज्यात घालून एका कडेला ठेवा. ऊब एकाच बाजूला हवी, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. ती चोच उघडून धापा टाकू लागली तर ऊब जास्त झाली आहे. चैत्र-वैशाखात उन्हाने मान टाकलेली कोंबडी असेल तर मात्र हे सगळं उलटं करायचं: सावली, वारा, पाय गार पाण्यात, आणि प्यायला गार पाणी. बर्फ नको.

पाण्यात औषधाच्या दुकानातलं ओआरएस घाला, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच, आणि उरलेलं २४ तासांनी फेकून द्या. ते हाताशी नसेल तर वाटीभर कोमट पाण्यात गुळाचा लहान खडा विरघळवा. स्वतःहून पीत असेल तर उत्तम. पीत नसेल तर तिला जुन्या टॉवेलात पंखांसकट गुंडाळा, मांडीवर घ्या आणि चोचीच्या कडेला ड्रॉपरने एकेक थेंब लावा. थेंब आत ओढून ती मान वर करून गिळते. ती गिळेपर्यंत पुढचा थेंब नाही.

हे इतकं बारीक सांगते आहे, कारण माझी पहिली कोंबडी मी इथेच गमावली. बिनसुईच्या सिरिंजने मी तिच्या घशात एकदम पाणी सोडलं. कोंबडीची श्वासाची वाट जिभेच्या मागे, तोंडाच्या तळालाच उघडते. तिथे गेलेलं पाणी थेट फुफ्फुसात उतरतं. दोन-तीनदा मान झटकून ती माझ्या हातातच गेली. तिला मुळात झालं होतं काय, ते मला कधीच कळलं नाही.

आता अंग तपासा

पाणी पाजून अर्धा तास झाला की शांतपणे तपासणीला बसा. रात्री दिव्याच्या मंद उजेडात कोंबडी जास्त स्वस्थ राहते. चोचीपासून सुरुवात करा. नाकातून पाणी, डोळ्यात फेस, श्वासाबरोबर घरघर आहे का? तोंडात पिवळट पापुद्रे आहेत का? तुरा आणि गलोल, म्हणजे चोचीखाली लोंबणारे लाल पडदे, यांचा रंग बघा. फिकट असतील तर रक्त कमी आहे, बहुधा जंत किंवा उवा. निळसर-जांभळे असतील तर दुखणं गंभीर आहे.

मग गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला, दाण्याची पिशवी चाचपा. ती रात्री भरलेली आणि सकाळी दाणे घालण्याआधी रिकामी असायला हवी. सकाळीही भिजवलेल्या कणकेसारखी घट्ट लागली, तर गवत नाहीतर सुतळी अडकली आहे. मऊ, पाण्याच्या फुग्यासारखी लागली आणि तोंडाला आंबूस वास आला, तर आतलं नासलं आहे. घट्ट पिशवी असेल तर दाणा बंद करा, खोबरेल तेलाचे थोडे थेंब वर सांगितल्या पद्धतीने पाजा आणि पिशवी बोटांनी हलकेच मळा, दिवसातून तीन-चारदा. कोंबडी उलटी धरून पिशवी पिळायचा उपाय काही लोक सांगतात. तो करू नका, आतलं श्वासनळीत जातं. एक दिवसात फरक नाही पडला तर डॉक्टर.

छातीच्या मधलं हाड अंगठ्याने चाचपणं सगळ्यात महत्त्वाचं. निरोगी कोंबडीत त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असतं. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर दुखणं जुनं आहे, आणि आज दिसलं म्हणून आज सुरू झालेलं नाही. मासळी तोलायचा हुकाचा काटा घरात असेल तर कोंबडी पिशवीत घालून रोज सकाळी त्याच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. ती खात असल्याचं सोंग चांगलं करते, चोचीने दाणे उडवते आणि गिळत नाही. काटा मात्र खरं सांगतो.

शेवटी शेपटीखालची पिसं बाजूला करून गुदद्वार बघा. तिथे शीट चिकटली असेल तर कोमट पाण्याने धुऊन कोरडं करा. पावसाळ्यात अशा जागी माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके म्हणजे उवांची अंडी. तळपायावर काळी खपली आणि सूज असेल तर काटा किंवा खडा रुतून पू झाला आहे. कोमट पाण्यात पाय शेकून, पोव्हिडोन आयोडीन लावून पट्टी बांधा.

शीट वाचायला शिका

खोक्यात तूस घातलं असेल तर रात्री वर एक जुनं पांढरं फडकं अंथरा. सकाळी त्यावरून बरंच कळतं. चांगली शीट घट्टसर, करडी-तपकिरी आणि वर पांढरी टोपी. ही पांढरी टोपी म्हणजे लघवीच. आठ-दहा शीटांमागे एक चिकट, चॉकलेटी आणि भयंकर वासाची असते. ती आतड्याच्या अंधनाळीतून येते आणि नेहमीची आहे, तिला जुलाब समजू नका. हिरवीगार पातळ शीट म्हणजे कोंबडी उपाशी आहे, नुसतं पित्त पडतंय, किंवा राणीखेत या साथीच्या रोगाची सुरुवात. रक्ताची शीट दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फोटो काढून ठेवा, पशुवैद्यकांना तो तुमच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नेहमी भेटणारी दुखणी

*अंडं अडकणं.* पहिल्यांदा अंड्यावर आलेली तलंग किंवा फार लठ्ठ कोंबडी यात सापडते. ती ताठ उभी राहते, शेपटी खाली, मागचा भाग खालीवर हलत असतो, आणि घरट्यात जाऊन पुन्हा पुन्हा रिकामी बाहेर येते. घमेल्यात कोमट पाणी घ्या, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला घेतो तेवढंच गरम, आणि तिला पोटापर्यंत वीसेक मिनिटं बसवा. पहिल्या मिनिटाला धडपडते, मग पाण्याच्या उबेने तिचे डोळे जड होतात आणि मान तुमच्या मनगटावर टेकते. नंतर पुसून, कोरडी करून अंधाऱ्या उबदार खोक्यात एकटी सोडा आणि तास-दोन तास बघायलाही जाऊ नका. गुदद्वाराशी थोडं खोबरेल लावलं तर चालेल. पोट दाबून अंडं बाहेर ढकलू नका आणि आतल्या आत फोडू तर नकाच. कवचाच्या धारेने आतडी-गर्भनळी फाटली तर कोंबडी वाचत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत अंडं आलं नाही तर डॉक्टरच हवेत.

याचं मूळ बरेचदा कॅल्शियमच्या कमतरतेत असतं. आम्ही तिसऱ्यांच्या शिंपल्या फेकत नाही. भाजून, कुटून, वेगळ्या वाटीत ठेवतो. जिला हव्यात ती खाते.

*रक्ती हगवण.* हा मुख्यतः पिल्लांचा रोग, तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना फार. ओलं तूस हे त्याचं घर. पिल्लं एकमेकांना चिकटून, पंख पाडून पेंगतात आणि शीट रक्ताळते. यावर अ‍ॅम्प्रोलियम हे औषध पाण्यातून देतात, मात्रा डॉक्टरांकडून घ्या. ते चालू असताना पाण्यात बी-व्हिटॅमिनचं टॉनिक घालू नका. बी-१ अडवूनच हे औषध काम करतं, टॉनिकने ते निष्फळ होतं. आणि तूस त्याच दिवशी पूर्ण बदला.

*देवी.* तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला चामखिळीसारखे फोड आणि मग काळ्या खपल्या. डासांमुळे पसरतो. हा विषाणूचा रोग, त्याला औषध नाही, पण बाहेरचे फोड असलेली कोंबडी तीन-चार आठवड्यांत बहुधा बरी होते. खपल्या ओरबाडू नका, त्यांवर हळद-खोबरेल लावा. डोळा मिटला असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याने पुसून उघडा. फोडांनी आंधळी झालेली कोंबडी रोगापेक्षा उपासाने मरते, म्हणून तिची चोच हाताने खाद्याच्या वाटीत टेकवावी लागते. तोंडात पापुद्रे आले तर प्रकरण कठीण.

*राणीखेत, म्हणजेच मानमोडी.* हिरवी हगवण, तोंड उघडून श्वास, पाय-पंख लुळे, मान पिळवटून मागे वळलेली. उपचार नाही. लस न टोचलेल्या कळपात शिरला तर चार-आठ दिवसांत खुराडं रिकामं होतं. लस मात्र आहे आणि स्वस्त आहे: पिल्लं साधारण सात दिवसांची झाली की लासोटा डोळ्यात-नाकात थेंबाने, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी टोचून. लसीची कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते आणि कालवल्यावर एक-दोन तासांतच संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवा आणि बर्फाच्या डब्यातून लस आणा. आमच्या वाडीत आता हेच करतो. त्याआधीच्या वर्षी एकाच आठवड्यात अकरा कोंबड्या मी पुरल्या होत्या.

दोन ते पाच महिन्यांच्या तलंगेचा एक पाय पुढे आणि एक मागे पडला, तर तो बहुतेक मारेक रोग. त्यालाही उपाय नाही. त्याची लस पिल्लू अंड्यातून निघालं त्याच दिवशी द्यावी लागते, म्हणून पिल्लं विकत घेताना ती टोचली आहे का ते विचारा.

कुत्र्या-मुंगसाचा चावा असेल तर जखमेभोवतीची पिसं कापा, उकळून कोमट केलेल्या पाण्याने धुवा, कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा. दिवसातून दोनदा अळ्या बघा. पिसं येईपर्यंत ती कळपात नको, रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

खायला काय द्यायचं

तिचं रोजचं खाद्यच कोमट पाण्यात भिजवून मऊ करा. त्याने नाही जमलं तर बिनमिठाची तांदळाची पेज किंवा कण्या, उकडलेलं अंडं कुस्करून. घरातलं उरलंसुरलं खारट कालवण, लोणचं, फरसाण अजिबात नको. मीठ कोंबडीला फार लवकर बाधतं. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर नळीने भरवावं लागतं, ते आधी डॉक्टरांकडून समोर बसून शिकून घ्या.

औषधांबद्दल

घरातल्या माणसांची उरलेली अँटिबायोटिक गोळी चुरून देऊ नका. राणीखेत आणि देवी विषाणूचे रोग आहेत, त्यांवर ती गोळी चालतच नाही. दुकानदार सांगेल ती पुडीही आणू नका. कॉलिस्टिन हे अँटिबायोटिक पूर्वी कोंबड्यांना सर्रास देत. माणसांसाठी ते शेवटचं राखीव औषध असल्यामुळे २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्यावर बंदी घातली. डॉक्टरांनी औषध दिलं तर एकच प्रश्न नक्की विचारा: अंडी किती दिवस खायची नाहीत? ते दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहा, म्हणजे घरातलं कुणी चुकून अंडं उचलणार नाही. पायाच्या खवल्यांत किडे झाले तर रॉकेल नको, खोबरेल तेल चोळा.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबडी नेताना लाजू नका. ‘एवढ्याशा कोंबडीसाठी?’ असं लोक म्हणतात, पण तिथे हे काम आहेच. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांकही लिहून ठेवा.

एकदम दोन-तीन मेल्या तर

तर घरगुती उपचार थांबवा. तुरे जांभळे, डोकं सुजलेलं, किंवा काहीच न दिसता सकाळी तीन कोंबड्या मेलेल्या, असं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आसपास कावळे मरून पडत असतील तर आधी ते सांगा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावात पुन्हा. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, नाकातोंडावर फडकं बांधा, हातात पिशव्या चढवा. ती कापू नका, खाऊ नका, वहाळात किंवा उकिरड्यावर टाकू नका. तपासणीला नमुना हवा का ते विचारा, नको असेल तर तीन फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. उरलेल्या जिवंत कोंबड्या बाजारात नेऊन ‘निदान पैसे तरी वसूल करू’ हा विचार मनातून काढून टाका. आमच्याकडे रोग आला तो आठवडी बाजारातून आणलेल्या दोन कोंबड्यांबरोबरच. नवी कोंबडी आणली की एकवीस दिवस वेगळी.

एकटीच कोंबडी आहे, चार-पाच दिवस सगळं करून झालं, काटा रोज खालीच जातोय आणि ती मान उचलत नाही, अशीही वेळ येते. डॉक्टरांना विचारून तिचा त्रास संपवणं हेही काळजी घेण्यातच येतं. तिचं मांस मात्र खायचं नाही, कोणत्याही आजारात.

बरी झाल्यावर कळपात

ती स्वतःहून खाते, वजन सलग तीन-चार दिवस वाढतंय, शीट घट्ट झाली आहे, आणि खोक्यातून बाहेर येण्यासाठी झटापट करते आहे, एवढं झालं की परत सोडायची. एकदम नव्हे. आठवडाभर वेगळी राहिलेली कोंबडी बाकीच्यांना परकी वाटते. आधी दोन-तीन दिवस तिचं डालगं खुराड्याशेजारी, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवा. मग एका रात्री, सगळ्या काठीवर बसून पेंगल्या की, तिला अंधारात हळूच त्यांच्यात बसवा. सकाळी लवकर उठून बघा, आणि दाणे त्या दिवशी दोन-तीन ठिकाणी टाका, म्हणजे हाकललेलीला दुसरीकडे खाता येईल. चोची थोड्या लागतील, रक्त निघालं नाही तर मध्ये पडू नका.

खोकं जाळून टाका. डालगं आणि पाण्याचं भांडं साबणाने धुऊन कडक उन्हात दोन दिवस उलटं ठेवा. अंडं लगेच येणार नाही, तीन-चार आठवडेही लागतात, आणि पहिलं येईल ते बहुधा लहान, पातळ कवचाचं असेल. शिंपल्यांची वाटी तेवढे दिवस भरलेली राहू द्या.